नानांच्या विहिरीतले खडे

पाणी पोलाद कसं खातं, हे मी धुळ्याच्या कॉलेजात घोकून पाठ केलं होतं. पंप पाणी ओढतो तेव्हा आत दाब फार उतरला, की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते पंपाच्या आतल्या फिरत्या पंख्याला चिकटून फुटतात, आणि फुटताना धातूला बारीकसा टोला हाणतात. एका टोल्याने काही बिघडत नाही; पण पंप दिवसभर चालतो आणि टोले मोजायला कोणी बसत नाही. परीक्षेत या प्रश्नाला मला भरपूर मार्क मिळाले होते. तो आवाज मात्र मी जन्मात ऐकला नव्हता.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. धरणगावकडे त्यांची केळी आहे. मी जळगावात एका फाउंड्रीत नोकरीला लागले, तेव्हा ते गोणपाटात गुंडाळून पंपाचा जुना पंखा घेऊन आले. बिडाचा पंखा, पण उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसत होता. दर उन्हाळ्याला नवा घालावा लागतो म्हणाले. मला स्फुरण चढलं. तेरा टक्के क्रोमियम आणि चार टक्के निकेल घातलेलं पोलाद असे टोले सोसतं, कारण ते नुसतं कठीण नसतं, चिवटही असतं. बिडासारखे त्याचे कपचे उडत नाहीत. मी साहेबांच्या मागेच लागले. "शेतीच्या पंपाला इतकं महाग पोलाद कोण घालतं?" ते म्हणाले. पण मी फारच डोकं खाल्लं, तेव्हा वैतागून म्हणाले, "एक करून बघ. टिकला तर पुढे करू, नाही तर हा विषय परत माझ्यासमोर काढायचा नाही."

नवा पंखा नानांच्या पंपात बसला. पहिला उन्हाळा कुरकुर न करता गेला, आणि नाना भेटेल त्याला सांगत सुटले, "मनी भाचीनं पोलाद शे. ते झिजाव नही!" मीही ऑफिसात जरा जास्तच मिरवलं, हे कबूल करते.

दुसऱ्या उन्हाळ्यात नानांचा फोन आला. "माय, तुना पंखामा खडा वाजी ऱ्हायनात. पानीबी कमी व्हयनं."

मी रविवारची पहिली एसटी पकडली. शेतात शिरायच्या आधीच आवाज आला. डब्यात खडे घालून कोणी खळखळवावेत, अगदी तसा. पुस्तकात असंच लिहिलं होतं. पंप उघडला. पंख्याच्या पात्यांवर, जिथे चकाकी हवी तिथे, खरखरीत मळकट डाग पडले होते. खड्डे नव्हते, पण सुरुवात झालीच होती. आता साहेबांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. शेजारच्या मळ्यातले दोघे-तिघे बघायला जमले होते.

मी चिडूनच विहिरीत डोकावले. पाणी भरपूर होतं. मग पंपाला कमी कसं मिळतंय? ओढायच्या पाइपच्या खालच्या टोकाला जाळी आणि झडप असते, त्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. "तो वर काढा," मी म्हणाले. पाइप वर आला, आणि त्याच्या टोकाला मामीचं जुनं लुगडं दोन पदरी, सुतळीने करकचून आवळलेलं!

"नाना, हे काय?"

"खडा येवाले नको म्हनीसन बांधं," नाना म्हणाले. विहिरीतले खडे पंपात जाऊ नयेत म्हणून एक पदर बिडाच्या पंख्याच्या वेळीच बांधला होता. यंदा तो गाळाने आणखी दाटला आणि खडे वाजायला लागले, म्हणून वर दुसरा. म्हणजे खडे नव्हतेच. लुगड्यातून पाणी येईना, म्हणून बुडबुडे धरत होते, आणि त्यांचा आवाज थांबवायला आणखी लुगडं! मी नानांना म्हटलं, तोंडाला रुमाल बांधून उसाचा रस ओढून बघा. ते हसले नाहीत.

लुगडं सोडलं, पंखा तोच परत बसवला, बटण दाबलं. खळखळ बंद. केळीच्या पाटात पाण्याचा लोंढा आला आणि मी चपलांसकट त्यात उभी राहिले.

मला वाटलं, संपलं. पण शेजाऱ्यांचे चेहरे चमत्कारिक झाले होते. नानांनीच सगळ्या शिवाराला सल्ला दिला होता: "फुटबॉलले फडकं बांधी टाक." नाना डोक्यावर टोपी नीट करून निघाले. मी मागे. चार विहिरींवर गेलो, आणि चारही ठिकाणी, बायका-माणसांदेखत, सत्तरीतला हा माणूस म्हणाला, "ते फडकं सोडी टाक भाऊ. मी चुकनू. पोरनं पोलाद चांगलं शे." एकाने टोमणा मारलाच, "नाना, तुम्हीच ते सांगेल व्हतं ना!" नानांनी नुसती मान हलवली. माझे डोळे भरून आले. मी असं चारचौघांत कधी कबूल केलं असतं का, कोण जाणे.

परत आल्यावर म्हणाले, "तुना साहेबले फोन लाव." साहेबांशी मात्र ते तालुक्याच्या कचेरीतलं मराठी बोलले. "साहेब, मी दोन वर्षं त्या पंख्याचा गळा आवळून ठेवला होता. तरी तो टिकला. चूक आमची आहे, मुलीची नाही."

मग साहेबांनी विचारलं, "अजून किती हवेत?"

नानांनी फोनसमोर चार बोटं धरली, त्या चार विहिरींची. ती फोनमधून दिसत नाहीत हे त्यांच्या लक्षात येईना, तेव्हा मीच ओरडले, "चार, साहेब!"