सासूबाईंचं लोखंडी दार

वेल्डर जावई सासूबाईंना पसंत नव्हता. एकोणीस वर्षांत त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. फक्त त्याच्याशी जे बोलायचं ते मुलीमार्फत बोलायच्या. शेजारी चोरी झाली तेव्हा मात्र दार त्यालाच करायला सांगितलं. "मजबूत करा, म्हणावं," असा निरोप आला. त्याने मजबूत केलं.

एका सकाळी त्याच दाराचं कुलूप अडकलं आणि सासूबाई आत राहिल्या. खिडकीचे गजही त्यानेच बसवलेले. चावीवाल्याने तासभर खटपट करून हात टेकले. वेल्डरचा ग्राइंडर आदल्याच दिवशी जळाला होता आणि गॅसकटर त्याच्याकडे कधी नव्हताच. शेवटी तो हातगाडीवर वेल्डिंग मशीन घालून घेऊन आला.

"आई, बिजागऱ्या कापतो. पडदा काढा आणि बादलीभर पाणी घेऊन लांब उभ्या राहा. उजेडाकडे बघू नका."

"याने जोडतात ना?" आतून आवाज आला.

"करंट वाढवला की कापताही येतं."

"मग जोडलेलं टिकतं कसं?"

त्याने रॉड पाण्यात भिजवले, म्हणजे ते लवकर जळून संपत नाहीत. करंट शेवटपर्यंत फिरवला, काच तोंडासमोर धरली आणि रॉड करवतीसारखा खालीवर चालवू लागला. लोखंड थेंबाथेंबाने गळू लागलं. शेजाऱ्यांचा पंखा मंदावला, तसे शेजारी बाहेर येऊन उभे राहिले. पहिल्याच बिजागरीला सहा रॉड गेले. आपलं काम इतकं चिवट असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"चहा टाकला असता," आतून आवाज आला, "पण कप गजांतून येत नाही. बघितलं मी."

तिसरी बिजागरी तुटली तसं दार अंगावर झुकलं. चावीवाल्याने खांदा लावला म्हणून बरं. सासूबाई बादली घेऊनच बाहेर आल्या आणि कापलेली कड न्याहाळू लागल्या.

"ओबडधोबड झालंय."

"याने असंच कापलं जातं."

मग त्यांना त्याचं मनगट दिसलं. ठिणगीने चांगलंच पोळलं होतं. त्यांनी त्याचा हात बादलीत बुडवला आणि कोपराला धरून ठेवला. कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो बादलीत बघत राहिला.

नव्या बिजागऱ्या मिळेपर्यंत सासूबाई लेकीकडे राहिल्या. चौथ्या दिवशी दार बसलं. तो सांगायला आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

"आज ऊन फार आहे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."