बॅटरीवरचं चंदन

रेल्वेत तीस वर्षं मी सिग्नलच्या वायरिंगमध्ये काढली, म्हणून चेन्नईतल्या कासिमेडू बंदरावरच्या मच्छीमार मित्राने मला त्याच्या बोटीवर बोलावलं. बोटीतला दिवा किनाऱ्यावर लख्ख जळायचा आणि लाटांवर गेला की विझायचा. दोन दिवस मी फ्यूज, स्विच, वायरी सगळं उचकटलं, मध्ये दोनदा उलट्या केल्या आणि वायरिंग करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी बॅटरीच्या टर्मिनलची क्लिप काढली, तर खाली दसऱ्यातल्या आयुधपूजेचं वाळलेलं चंदन! लाटेने बोट हलली की त्या थरामुळे क्लिपचा संपर्क तुटत होता.

"कुठल्या गाढवाने इथे चंदन लावलं?" मी ओरडलो.

मित्र शांतपणे म्हणाला, "सार, पूजेला तुम्ही आला होतात, तेव्हा मी वरून नुसता टिळा लावणार होतो. पूजा नीट व्हावी म्हणून क्लिप काढून आतपर्यंत चंदन तुम्हीच चोळलंत."