काकांच्या काचेवरचं शेवाळ

जगातली सगळी धूळ आपल्याच घरावर डोळा ठेवून आहे, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन ते कर्जतला राहायला आले, तेच हातात फडकं घेऊन. नारळ फोडण्याआधी ते साबणानं धूत, स्कूटर धुऊन झाली की तिची किल्ली धूत, आणि पाहुण्याची पाठ वळायच्या आत त्याची खुर्ची पुसायला घेत. “मी गेले तर हे सरपणसुद्धा धुऊन रचतील,” आत्या म्हणायची.

अशा माणसाला खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाळायची हौस यावी, हे आत्याचं दुर्दैव. टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलं आणि काकांची झोप उडाली. टूथब्रशनं घासून घासून ते थकले, तेव्हा मुंबईच्या दुकानदारानं त्यांना उष्ण समुद्रातला एक काटेरी जीव दाखवला. तो म्हणे काचेवरचं शेवाळ खरवडून खातो. काकांना हवा तसा नोकर मिळाला! पाण्याची पिशवी मांडीवर धरून ते त्याला घेऊन आले. बोरापेक्षा जरा मोठा गोळा, अंगावर निळे मखमली पट्टे, पट्ट्यांच्या मधे तांबूस काटे. कडावहून दूध घालायला येणाऱ्या सुमनमावशी टाकीपुढे खाली वाकल्या.

“वयनी, ह्यो काय साळिंदर हाय व्हय? आमच्या रानातला केवढा असतो! ह्याला खायाला मिळत नाय का गं?”

काका हसले. पण नाव साळिंदरच पडलं. तो शिंपल्यांचे तुकडे डोक्यावर घेऊन काचेवरून हळूहळू सरकायचा, आणि काका शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, “बघा, टोपी घालून ड्यूटीवर निघालाय!” थोड्याच दिवसांत टाकी अशी लखलखली, की आत पाणी आहे की नाही ते कळेना.

मग एका सकाळी तळाशी काटे पडलेले दिसले. दुसऱ्या दिवशी आणखी पडले. काकांनी घाबरून दुकानदाराला फोन लावला.

“काच कशी आहे?” त्यानं विचारलं.

“आरशासारखी!”

“मग तो खाणार काय, काका?”

काकांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून टूथब्रश कपाटात गेला. काका पालक उकडून दगडाखाली दाबून ठेवू लागले, वाळवलेलं समुद्री शेवाळ मागवू लागले. काच हिरवी झाली, मासे दिसेनासे झाले. आत्यानं सवयीनं फडकं उचललं, तर काका ओरडले, “हात लावू नकोस! त्याचं ताट आहे ते!”

साळिंदर सावरला. नवे काटे फुटले. पण दुकानदारानं स्पष्टच सांगितलं, की एवढ्याशा टाकीत त्याचं पोट कायम भरायचं नाही. पनवेलच्या एका गृहस्थांकडे मोठी, जुनी, शेवाळानं भरलेली टाकी होती. काका आठवडाभर पालकच उकडत राहिले. मग एके दुपारी मला म्हणाले, “गाडी काढतोस का रे?”

पनवेलला त्यांनी त्या गृहस्थांना सगळं समजावलं, “पाण्यात तांबं धातूचं काही पडू देऊ नका, ते त्याला विष, औषध घालण्याआधी विचारा.” परतताना आम्ही चौकला चहाला थांबलो.

“त्याला कळेल का रे, आपण तिथं नाही ते?” त्यांनी विचारलं.

“तिथं पोटभर मिळेल त्याला.”

“हो ना. म्हणून तर दिला.”

आता काका नाहीत. पनवेलचे गृहस्थ अजून अधूनमधून फोटो पाठवतात. साळिंदर चांगला भरलाय, काटे दाट झालेत. आत्या तो फोटो बोटांनी मोठा करते, खूप वेळ बघते आणि मोबाइल मला परत देताना म्हणते, “ह्यांना दाखवायला हवा होता रे.”