सही मी नाही केली

"आडनाव काय म्हणालीस?"

भर मीटिंगमध्ये सर्जन सरांनी विचारलं. मराठीत. बाकीच्यांना वाटलं, गाववाले गप्पा मारताहेत. मी आडनाव सांगितलं. सर हसले. "तरीच. कोट्यातून आलेल्यांना असंच दिसतं." मग सगळ्यांना हिंदीत, "चलो, नेक्स्ट."

माझे कान तापले.

दिल्लीतलं मोठं हॉस्पिटल. दर गुरुवारी आमचं ट्यूमर बोर्ड बसतं. म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले आणि गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणारी मी, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. म्हणायला. सरांची ऑपरेशनची यादी बुधवारीच लागलेली असायची. गुरुवारी फॉर्म भरूनच यायचा, आम्ही नुसत्या सह्या ठोकायच्या. दोन वर्षं मीही ठोकल्या.

त्या दिवशी पानिपतचा पेशंट होता. मागावर चादरी विणणारा. बाहेरच्या लॅबने जठराचा कॅन्सर लिहिलेला, शुक्रवारी अख्खं जठर काढायचं ठरलेलं. स्लाइड मी पुन्हा पाहिली. मला तो लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, वाटला. तसं असेल तर औषधांनी बरा होण्यासारखा, पोट कापायचं कारणच नाही. एवढंच बोलले होते मी. त्यावर आडनाव निघालं.

दिल्लीतच, मयूर विहारात वाढले मी. बाबा सरकारी नोकरीत. ते सांगायचे, "बेटा, नुसतं नाव सांगायचं." माझ्या बॅजवरही नुसतं नाव. दिल्लीत कोण विचारतंय, असं वाटायचं. विचारलं ते आपल्याच भाषेतल्या माणसाने. बाबांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त.

फॉर्म फिरत माझ्यापुढे आला. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या. तो पानिपतचा माणूस बाहेर बाकावर बसला होता. सकाळीच त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, पेट निकाल देंगे तो खाना कहाँ जाएगा?" मी काहीतरी पुटपुटून आत सटकले होते.

"सही," सर म्हणाले.

"नाही करणार."

"तुझ्या सहीवाचून काय अडलंय?"

"अडलंय. म्हणून तर मागताय."

सगळे खाली बघायला लागले. मी त्या रकान्यात लिहिलं, असहमत, पुढच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन नको. खाली माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. अक्षर सुटं काढलं. असहमत लिहिलेला फॉर्म ऑपरेशन थिएटर घेत नाही. हा नियम सरांनीच केलेला.

रिपोर्ट आला. लिम्फोमाच. सरांकडून मला काही ऐकायचं नव्हतं.

पण त्या दोन वर्षांच्या सह्या माझ्याच आहेत. त्या कुणाच्या आडनावावर ढकलू? जुने फॉर्म मी रेकॉर्डमधून मागवलेत, स्लाइडही. एकेक पुन्हा बघणार आहे. जिथे न बघता सही ठोकली, तिथे तसं लिहीन. पूर्ण आडनावानिशी.