ताणायचा तो एकच सूर

"छोड़िए, तार छोड़िए!" सदर बाजारातला गिटार दुरुस्त करणारा असा ओरडला, की किल्ल्यावरची कबुतरं थेट कोसांवरच्या बरुआसागरला जाऊन बसली.

संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या गणपतीत मी पहिल्यांदाच गिटार वाजवणार होतो. तारा गंजलेल्या, नव्या यायला आठवडा, आणि मी त्याच्या दुकानात बसून, घाबरून प्रत्येक सूर तार ओढून ताणत होतो. कुणी तार ताणली की हा भिंतीकडे तोंड फिरवायचा. त्याचा डावा डोळा अशाच एका ताणून तुटलेल्या तारेने नेला होता.

"गानेवाला जहाँ ठहरे, बस वही सुर खींचिए," तो भिंतीलाच म्हणाला.

संध्याकाळी मी एकच सूर ताणला, तोही डोळे गच्च मिटून.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन फुशारकी मारली, "भैया, पूरा पंडाल रो पड़ा!"

गिटारकडे न बघता त्याने माझे डोळे निरखले.

"दोनों हैं. ठीक है."