हॅलोचेकचा डबा

माझ्या थोरल्या मुलाला सगळे हॅलोचेक म्हणतात. एका मोठ्या सभागृहात माइक आणि स्पीकर लावायचं काम त्याने बावीस वर्षं केलं, आणि कार्यक्रमाआधी माइकवर तो तेवढेच दोन शब्द बोलायचा. भाषण करणारे बदलले, काही निवडणुकीत पडले, काही कायमचे गेले, पण याचे दोन शब्द तेच राहिले. हाताखाली शिकायला आलेल्यांना पहिला धडाही एकच. हेडफोनच्या एका बाजूचा आवाज बारीक वाटला, तर काही उघडायच्या आधी हेडफोन उलटा घाला. बारीकपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष यंत्रात. जिथल्या तिथे राहिला तर यंत्राला शिव्या देऊ नका. हा धडा आमच्या घरात मलासुद्धा पाठ आहे.

गेल्या वर्षी सभागृह पाडलं. आठ महिने घरी बसून तो माझ्या स्वयंपाकात चुका काढायला शिकला. मग एका स्टुडिओने काम देऊ केलं. नुसती ऐकायची नाटकं असतात, डोळे मिटून, त्यांचं. पावलं उजवीकडून येतात, दार डावीकडे वाजतं आणि गोष्ट सांगणारी बाई बरोब्बर मधोमध हवी. ते सगळं घरी बसून कानाने जुळवायचं. दोन नमुने करून द्या, जमले तर काम कायमचं, असं ठरलं.

पहिला नमुना परत आला. स्टुडिओचे मालक फोनवर म्हणाले, "अहो हॅलोचेक, बाई सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर येऊन बसल्यात. डावी बाजू फार जड झालीय."

"हेडफोन चांगला आहे, पण आवाज कॉम्प्युटरचा आहे," हा म्हणाला. "त्याच्या हेडफोन लावायच्या भोकातून कचराच येतो. दुसरा नमुना बघा तुम्ही."

फोन ठेवल्यावर त्याने मला समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात आवाज नसतो, नुसते आकडे असतात. एक चिप आकड्यांचा आवाज करते आणि दुसरी त्या आवाजाला कानापर्यंत जायचं बळ देते. ही जोडी विकत घ्यायची तर परवडणारी नव्हती, म्हणून सुटे भाग आणून घरीच करायची.

"म्हणजे एक वाचून दाखवणार आणि दुसरा मोठ्याने सांगणार," मी म्हटलं.

"बरोबर. सभागृहातल्या आमच्या साहेबांना हे वर्षभरात कळलं नव्हतं."

माझी सून चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचा जुना स्टीलचा डबा त्याने घेतला, भोकं पाडली, आत हिरवा बोर्ड बसवला. सून म्हणाली, "मला न विचारता माझा डबा घेतलात. आता दुपारी मी काय हेडफोन खाऊ?" तेव्हा तिघंही हसलो. या घरातलं ते शेवटचं हसणं ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डबा बोलायला लागला. हेडफोन लावून हा बराच वेळ डोळे मिटून बसला, मग म्हणाला, "डावी बाजू बारीक येतेय."

तिथून जे सुरू झालं ते सांगवत नाही. आवाजाचं बटण स्वस्तातलं आहे म्हणून ते बदललं. मग कपॅसिटर. मग आठ पायांची ती चिप उपटून दुसरी बसवली. पूर्वी घरोघर फिरून भांड्यांना डाग देणारे यायचे, तसा हा सकाळपासून टेबलाशी बसून डाग देत होता, काढत होता, परत देत होता. बोटं भाजली. जेवायला बोलावलं तर ओ द्यायचा नाही. मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहून तीन-तीनदा हाक मारायची आणि मनात म्हणायची, इतका कसला राग. जेवायची खुर्चीसुद्धा त्याने बदलली होती, डाव्या हाताला भिंत येईल अशी घेतली होती. मी आई आहे, मला दिसत होतं. पण दिसलेलं कळायला हवं ना.

सातव्या दिवशी सुनेने विचारलं, "अहो, तुमचा तो उलटा घालायचा धडा केलात का?"

"मला शिकवू नकोस," तो इतक्या हळू म्हणाला की ती उठून आत गेली.

अकराव्या दिवशी दुपारी मी त्याच्यासमोर जाऊन बसले. "आण इकडे. मी ऐकते."

"तुला काय कळणार?"

"माझे गुडघे गेलेत. कान शाबूत आहेत."

त्याने दिला. स्टुडिओने ऐकायला पाठवलेलं एक तयार नाटक लावलं होतं. पावलं आली, दार वाजलं, बाई बोलायला लागल्या. मी नीट ऐकलं. बाई दोन्हीकडे सारख्या होत्या, कमी नाही जास्त नाही. इतका स्वच्छ आवाज की त्या बाईंनी मध्येच आवंढा गिळलेलाही कळला.

"सारखं आहे रे," मी म्हटलं.

"तुझं वय झालंय, आई."

त्याने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि तसाच स्वतःच्या डोक्यावर चढवला. आम्ही समोरासमोर होतो. माझा उजवा तो त्याचा डावा, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. मला ते लागलीच कळलं, पण मी बोलले नाही. तो ऐकत राहिला. म्हणाला, "बघ, अजून डावी बाजूच बारीक आहे." मग सवयीने बोट कडेला गेलं. तिथे डाव्या कानाशी उजव्या बाजूचं कोरलेलं अक्षर त्याच्या बोटाला लागलं. त्याने हेडफोन काढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर ठेवला. डाग द्यायची तापलेली सळई त्याने आठवणीने विझवली. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"डब्यात असतं तर दुरुस्त केलं असतं मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तेव्हा मला आठवलं. पहिला नमुना करायच्या आधी एका सकाळी तो म्हणाला होता, आई, डावा कान भरल्यासारखा झालाय. मी म्हटलं होतं, सर्दी असेल, वाफ घे. दिवस मोजले तर एकोणीस भरले. डॉक्टर म्हणाले, असा अचानक कान गेला की पहिल्या आठवड्यातच यायला हवं. औषध देतो, पण फार आशा धरू नका.

त्या एकोणीस दिवसांतले अकरा डब्याने खाल्ले. उरलेल्या आठांना मी जबाबदार आहे. सून म्हणते, असं बोलू नका. मी आता तिच्यासमोर बोलत नाही.

दुसरा नमुना सोमवारी द्यायचा होता. रविवारी त्याने मला शेजारी बसवलं, उजव्या हाताला. हेडफोन माझ्या डोक्यावर, बटणं त्याच्या हातात. "बाई कुठे आहेत?" तो विचारायचा. मी बोटाने दाखवायची. डावीकडे, अजून डावीकडे, आता थोडं इकडे. बाई माझ्या नाकासमोर आल्या की मी नाकाला बोट लावायची. सबंध दिवस गेला, कान दुखायला लागले, पण मी सांगितलं नाही.

मंगळवारी मालकांचा फोन आला. "आता कसं मस्त जुळलंय. काय बदललंत?"

मला वाटलं, हा म्हणेल, घरी यंत्र बनवलं. तेवढं म्हणाला असता तरी खोटं ठरलं नसतं. पण तो म्हणाला, "माझा डावा कान गेलाय, साहेब. हे माझ्या आईने ऐकून सांगितलं."

मग मालक म्हणाले, "विचार करून कळवतो." त्याला आज बारा दिवस झाले.

डबा टेबलावरच आहे. सुनेने त्याच्याखाली फडकं घातलंय. रोज सकाळी औषध घेतल्यावर हा कॉम्प्युटरला छोटा माइक आणि डब्याला हेडफोन जोडतो, डावीच बाजू कानाला लावतो, उजवा कान तळव्याने घट्ट दाबतो आणि अगदी हलक्या आवाजात म्हणतो, हॅलो, चेक. थोडं थांबतो. परत म्हणतो. मी दाराशी उभी असते. ऐकू आलं का, हे मी विचारत नाही. त्याचा हात कानावरून खाली आला की जाऊन चहा ठेवते.