लोटननाना आणि लंगडी

लोटननाना कुठलीही गाडी आधी डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे, मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "हाऊ कोना हात शे?" म्हणजे हे काम कोणाचं. उत्तराची त्यांना गरज नसे. ज्याने कोणी आधी तो पत्रा ठोकला असेल त्याचा, त्याच्या उस्तादाचा आणि त्याला गाडी देणाऱ्याच्या अकलेचा उद्धार लगेच सुरू व्हायचा. मालक बिचारा समोर उभा राहून, गुन्हा आपणच केल्यासारखा मान हलवत असे. धुळ्यात पारोळा रोडला त्यांचं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं शेड होतं. तिथे चहा वेळेवर मिळायचा. दुसरं काहीही वेळेवर मिळायचं नाही.

आमची गाडी ट्रकवरून उतरवली तेव्हा मात्र नानांनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते लांबूनच बघत राहिले. मग म्हणाले, "ही आजून जित्ती शे का?"

ती गाडी त्यांनीच बांधलेली होती. माझे वडील अमळनेरला डॉक्टर होते. लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी गाडी त्यांनी घेतली आणि तिच्या मागच्या भागावर पत्र्याची खोली बांधून घेतली. आत पेशंटला झोपवायला फळी, औषधांना कप्पे, दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या. हा फिरता दवाखाना घेऊन ते चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जात. कंपाउंडर म्हणून बरोबर आई. नाना तेव्हा विशीतले, अमळनेरलाच उस्तादाच्या हाताखाली शिकत होते. खिडक्यांची उंची दोघांनी वितीने मोजली. उजव्या बाजूला पुढचं माप नानांनी घेतलं, मागचं उस्तादाने, आणि मध्ये दोरी धरली. डाव्या बाजूला दोघांनी जागा बदलल्या. उस्तादाचा पंजा पहिलवानाचा, नानांची वीत लहान. त्यामुळे उजवीकडच्या खिडक्या मागे जाताना चढत गेल्या आणि डावीकडच्या उतरत गेल्या. मागून बघितलं की गाडी एक पाय ओढत चालल्यासारखी दिसे. लोकांनी तिचं नाव लंगडी ठेवलं.

वडील गेल्यावर लंगडी दवाखान्याच्या मागे निंबाखाली पडून राहिली. मी जळगावला विम्याच्या कामात. अमळनेरला गेलो की तिच्याकडे पाठ करून बसायचो. शेजारच्यांच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत आणि ती अंडी ते मला प्रेमाने आणून देत. घशाखाली उतरत नसत. शेवटी ठरवलं, गाडी होती तशी करायची. वडिलांच्या वेळी होती अगदी तशी. आणि ज्याने बांधली तोच माणूस अजून हातोडी धरतो आहे, यापरतं भाग्य कुठलं, असं मला वाटलं. इतका भाबडेपणा माझ्या वयाला शोभत नाही.

"होती तशी?" नाना म्हणाले. "कसाले? तवय माले काय समजे? आते माले येस." म्हणजे तेव्हा काही कळत नव्हतं, काम आता येतं.

"नाना, मला चांगली नकोय. तशीच हवीय."

"बरं. व्हई जाई."

"व्हई जाई" हे त्यांचं उत्तर सगळ्याला होतं. कधी होईल विचारलं, व्हई जाई. फोन का उचलत नाही विचारलं तरी व्हई जाई. मी सुट्टीच्या दिवशी जळगावहून एसटीने धुळ्याला जायचो, एरंडोल-पारोळ्याचे धक्के खात. पोहोचल्यावर बघावं तर मागच्या वेळी झालेलं काम उकललेलं. औषधांचे कप्पे त्यांनी सुंदर केले, मग "लाकूड रडी ऱ्हायनं" म्हणून काढून टाकले. फळीची जागा बदलली. मी चिडलो की ते स्टूल पुढे सरकवत आणि म्हणत, "बठ, च्या पे." चहा पिताना माणसाला नीट भांडता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वडील गाडीशेजारी उभे आहेत असा एकच फोटो आमच्याकडे आहे. त्यात खिडक्यांचा उतार स्पष्ट दिसतो. मी तो नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा काढून पुसला, फोटो उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "फोटोवालाना हात हालना व्हई."

"मग डॉक्टर सरळ कसे दिसतात?"

"डॉक्टरसाहेब सरळच व्हतात. त्यासले काय व्हस?"

मी वैतागून आईला साक्षीला आणलं. ऐंशी ओलांडलेली आई भाड्याच्या गाडीतून धुळ्याला आली, शेडमध्ये खुर्चीवर बसली. नानांनी तिच्यासाठी मुद्दाम साखर कमी घालून चहा सांगितला होता. तो हातात देऊन त्यांनी विचारलं, "अक्का, तुम्हीच सांगा. खिडक्या तिरक्या व्हत्यात, ते बरं व्हतं का?"

"बरं कसलं?" आई म्हणाली. "मी डावीकडे बसायचे. मागच्या खिडकीतून धूळ आत यायची आणि पुढच्या खिडकीतून बघायचं तर उठून उभं राहावं लागायचं."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोर्टाचा निकाल लागला. मी आईला म्हणालो, "अगं, तू माझ्या बाजूने आली आहेस ना?"

"मी खरं सांगायला आले," आई म्हणाली. मग चहाचा घोट घेऊन बोलली, "पण डॉक्टरांना आवडायची ती. म्हणायचे, टेकडीवरून नुसता तिरपेपणा दिसला तरी लोक ओळखतात, रस्त्यावर येऊन उभे राहतात."

"वळखेत नही, अक्का," नाना म्हणाले. "हासेत."

ते इतकं हळू म्हणाले की मी तेव्हा तिकडे लक्षच दिलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर गाडीची डावी बाजू जागेवर नव्हती. अख्खी कापून काढलेली. जुना पत्रा कुठे आहे विचारलं, तर भंगारवाला घेऊन गेला होता. मी शेडच्या मध्यभागी उभा राहून ओरडलो. म्हणालो, गाडी माझ्या वडिलांची आहे, तुम्हाला कोणी अधिकार दिला? आजूबाजूच्या गॅरेजमधले लोक बघायला आले. नाना शांतपणे हातोडी खाली ठेवून म्हणाले, "गाडी तुना बापनी शे, भाऊ. पन लाज मनी शे ना! अमळनेरना स्टँडवर लोके माले इचारेत, लंगडी तूच बनाडी ना? उस्ताद मरी गया. त्याले कोनी इचारं नही. बठ्ठा माले इचारेत. म्हनीसन मी धुळाले उनू."

त्या एका गाडीपायी माणूस गाव सोडून आला होता, आणि मी ती त्यांच्याच दारात आणून, पुन्हा तशीच करा म्हणत होतो. हे मला तिथेच समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण ओरडून झाल्यावर माघार घेणं मला जमत नाही. मी ट्रक पाठवून गाडी नेतो असं सांगून निघालो. परतीच्या एसटीत नानांची माफी कशी मागायची ते शब्द जुळवत बसलो. उन्हाळा गेला. ट्रक पाठवला नाही, आणि माफीही तशीच राहिली.

मग त्यांच्या मुलीचा फोन आला. दुपारी जेवून शेडमधल्या खाटेवर आडवे झाले, ते उठले नाहीत.

दहाव्याला गेलो तेव्हा गाडी बघितली. डावी बाजू पूर्ण झाली होती. पत्र्याला डोळा लावून मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिन्ही खिडक्या एका रेषेत, कडा आत वळवलेल्या, बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. इतकं देखणं काम मी कधी बघितलेलं नाही, आणि ते मला नको होतं. उजवी बाजू जुनीच होती, खिडक्या चढत गेलेल्या. कुठे कापायचं त्याची खडूची आडवी रेघ नानांनी त्यावर मारून ठेवली होती.

गाडी जळगावला आणली. तिथल्या पेंटरने दोन्ही बाजू फिरून बघितल्या आणि विचारलं, "साहेब, कोणत्या बाजूसारखी करायची?"

"कोणत्याच नाही. आहे तशी रंगवा."

"लोक हसतील. मग मी रंगवली म्हणून सांगू नका बरं कोणाला."

एक बाजू वडिलांची आणि एक नानांची, असं मी लोकांना ऐटीत सांगतो. खरं म्हणजे त्या दोघांपैकी एकालाही नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. उजवीकडे काहीच लिहायचं नाही असं मी पेंटरला बजावलं. डावीकडे, खिडक्यांच्या खाली, 'बॉडी बांधणार : लोटन मिस्तरी, धुळे' एवढं घालायला सांगितलं.

त्याने लिहिलं. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, पुन्हा लांब गेलो. 'धुळे' किंचित खाली उतरलं होतं.

"पुसा," मी म्हणालो.

"अहो साहेब, केसाइतका फरक आहे. कोणाला दिसणार आहे?"

"पुसा. आणि आधी दोरी धरा."